चार बोटं

पहिल्याच दिवशी त्यानं नाव विचारलं.
मारुती, म्हणालो. हसला.
"मारुती म्हणजे ती इवलीशी गाडी ना?"
म्हटलं, उबैदशेठ, आमचा मारुती आधी डोंगर उचलतो,
गाडी फार नंतरची.

त्याची क्रेसिडा लांब पाठीची, स्वतःला पांढरी म्हणवणारी.
मागं बर्फाचे पाच खोके, आणि तो वास,
जो एकोणीस वर्षं रोज पहाटे
दिब्ब्याहून शारजाला येता-येता
सीटच्या शिवणीत मुरलेला.
इंजिन चार सिलिंडरचं, सहा लाख किलोमीटर झालेलं,
मसाफीच्या चढाला दमेकऱ्यासारखं
थांबत, खोकत.

"याला सुप्राचं बसव," म्हणाला.
जणू शर्टाला बटण.

शाजी म्हणाला, याला नवी पिकअप घ्यायला सांगा.
लतीफखान नुसताच थुंकला.
मी गप्प.
उद्यमनगरात पंप बांधले, इथं बावीस वर्षं
लोकांच्या गाड्यांचं तेल बदललं;
असं काही मला कुणी मागितलंच नव्हतं.

सज्जाच्या यार्डात ते मिळालं,
सुट्या दारांच्या ढिगाखाली, नळीत वाळू गेलेलं.
टोपण काढून कॅमवर बोट फिरवलं:
गुळगुळीत.
भाव न करता पैसे मोजले.

जुलै होता. दिवसा लोखंडाला हात लावायची सोय नाही,
म्हणून रात्री.
साखळीनं उतरवलं,
आणि चार बोटं कमी पडली.
संसारातही नेमकी तेवढीच पडतात.
रेडिएटर पुढं ढकलला, तेलाचं भांडं कापलं,
लतीफखाननं मुंग्यांची रांग जावी तसं वेल्डिंग ओढलं.
शाफ्ट आखूड केला. सत्तर वायरी;
शाजी तीन रात्री त्यांच्याशी मल्याळममध्ये भांडला.

पण ब्रेक आधी, मी म्हणालो. मोठे, चारी चाकांना.
पळणाऱ्या वस्तूला गिऱ्हाईक हसत पैसे देतं,
थांबवणारीला कुरकुरतं.
उबैद कुरकुरला.
मी पाना खाली ठेवला. एक चहा प्यालो.
दुसरा प्यालो.
मग तो हो म्हणाला.

एखादा म्हणेल, मारुती, तुझंही असंच,
जुनी बॉडी, आत भलतीच ताकद.
नको. मी फिटर आहे.
माझं इंजिन मूळचंच,
सर्व्हिसिंग तेवढं राहिलंय.

पहाटे तीनला किल्ली फिरवली.
आधी नुसता खरखराट, मग एक शिंक,
मग तो आवाज,
की शेजारच्या टायरवाल्यांची झोपलेली पोरं
गच्चीवरून डोकावली, एक जण चादरीसकट.
मागच्या खोक्याचं झाकण थरथरून पडलं.
उबैद काही बोलला नाही. झाकण उचलून परत लावलं.

पासिंगला तीन खेपा. इंजिन नंबरवरून तो साहेब
गाडीकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत राहिला.

आम्हाला वाटलेलं, आता हा
मलेहाच्या सरळ रस्त्यावर पोरांना धूळ चारणार.
तो ऐंशीनं गेला.
"जोरात वळलं की मासे एका अंगाला जातात,
डोळे फुटतात, भाव पडतो."
मग कशाला एवढं? विचारलं नाही.
गिऱ्हाइकाला कारण विचारायचं नसतं.

आठव्या दिवशी फोन. वाऱ्यात अर्धं ऐकू येईना.
"मारुती. मसाफी. चौथा गिअर.
एसी चालू."
मग बराच वेळ काहीच नाही,
फक्त ते इंजिन, चढावर,
गुणगुणल्यासारखं.
"बर्फ तसाच आहे," म्हणाला, आणि ठेवला.

शुक्रवारी पेपरात गुंडाळलेला शेरी आला, दीड किलोचा,
कल्ले लालभडक.
रूमवर कालवण केलं.
लतीफखाननं दोनदा भात घेतला, तारीफ मात्र केली नाही.

जुनं इंजिन अजून दारात टायरवर बसलंय.
सकाळी त्याच्यावर चहाचा कप ठेवतो.
त्यालाही माशाचा वास येतो.